ग्रीक अँफोऱ्यांवरील रंगवलेल्या खुणा कशा वाचाव्यात

प्राचीन ग्रीक जगात मद्य, ऑलिव्हचे तेल आणि खारवलेले मासे असा माल समुद्रमार्गे नेण्यासाठी दोन कानांचा, निमुळत्या बुडाचा जो मातीचा कुंभ वापरला जाई, त्याला अँफोरा म्हणतात. त्याच्या मानेवर, खांद्यावर, कानाखाली आणि कधी बुडाच्या आतल्या बाजूसही लाल, तपकिरी किंवा काळ्या रंगातल्या खुणा आढळतात. एखादे वर्तुळ, आडवा नागमोडी फराटा, एकदोन अक्षरे किंवा उभ्या रेघांची रांग असे त्यांचे स्वरूप असते. अभ्यासक रंगवलेल्या खुणेला डिपिंटो म्हणतात, ओरखडून काढलेलीला ग्राफिटो आणि ओल्या मातीत दाबून उमटवलेलीला ठसा. या लेखाचा भर डिपिंटोवर आहे. बाकी दोन्ही प्रकार आवश्यक तेथे येतील.

नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात शिकणाऱ्या, किंवा केवळ हौसेने खापरे वाचणाऱ्या माणसाला ग्रीक कुंभांशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडू येथे १९४५ साली पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी उत्खनन केले, तेव्हा भूमध्यसागरी अँफोऱ्यांची खापरे मिळाली. कोस या ग्रीक बेटाच्या धाटणीचे, दोन वळ्या जोडल्यासारखे दिसणारे कानही तेथे आहेत. महाराष्ट्रात नेवासे आणि तेर येथूनही भूमध्यसागरी कुंभांचे तुकडे नोंदले गेले आहेत. म्हणजे इथल्या विद्यार्थ्याच्या हाती असा तुकडा येणे अगदीच अशक्य नाही, आणि तो आला तर त्यावरचा पुसट लाल डाग धुऊन टाकण्याआधी काय पाहावे हे ठाऊक असलेले बरे.

सर्वांत आधी टप्पा ठरवावा

नवखा वाचक खूण दिसताच तिचा अर्थ शोधू लागतो. माझ्या मते इथेच वाट चुकते. अर्थाचा प्रश्न बाजूला ठेवून प्रथम एवढेच विचारावे की ही खूण कुंभाच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या हातून काढली गेली. भट्टीत जाण्यापूर्वी कुंभाराने, माल भरताना मळेवाल्याने किंवा भरणाऱ्याने, बंदरावर वा बाजारात व्यापाऱ्याने, की शेवटी घरी नेणाऱ्याने? नागपूरच्या कळमना बाजारात आलेल्या धान्याच्या पोत्यावर गिरणीचा छापील मार्का असतो, त्याशेजारी अडत्याने ब्रशने काढलेली अक्षरे असतात आणि कोपऱ्यात मापाऱ्याच्या किंवा हमालाच्या मोजणीच्या रेघा असतात. बारदाना जुना असेल तर आधीच्या मालाचा मार्काही अर्धवट दिसतो. हे सगळे एकाच वाक्यात गुंफून वाचणारा माणूस त्या पोत्याविषयी काहीतरी भलतेच सांगेल. अँफोऱ्याचेही तसेच आहे.

जुन्या कुंभांचा फेरवापर ही काही किरकोळ शक्यता नव्हे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आपल्या इतिहासाच्या तिसऱ्या भागात लिहिले आहे की ग्रीस आणि फिनिशियातून मद्याचे कुंभ इजिप्तमध्ये येत राहतात, तरी रिकामा कुंभ तेथे दिसत नाही. कारण गावोगावचे प्रमुख ते गोळा करून मेंफिसला पाठवतात आणि तेथून पाणी भरून ते सीरियाच्या वाळवंटात नेले जातात. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील टेक्ताश बुर्नू येथे इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात बुडालेल्या जहाजाचे उत्खनन १९९९ ते २००१ या काळात झाले. त्यातील काही कुंभांत देवदारवर्गीय झाडांचे डांबर होते आणि एकात गुरांची हाडे होती. तेव्हा मानेवर काहीही लिहिले असो, आत शेवटी काय होते हे त्यावरून थेट सांगता येत नाही.

भाजण्यापूर्वीची खूण आणि भाजल्यानंतरची खूण

टप्पा ओळखण्याची पहिली पायरी म्हणजे रंग भट्टीतून गेला आहे की नाही हे पाहणे. भाजण्यापूर्वी पातळ मातीच्या लेपाने काढलेली रेघ मातीशी एकजीव होते. भिंगातून पाहिल्यास तिला किंचित तकाकी दिसते, ब्रशचे केस कुठून कुठे फिरले ते कळते आणि झिजलेल्या जागी रेघ पृष्ठभागाबरोबरच झिजलेली असते. कुंभावर इतरत्र पट्टे रंगवलेले असतील तर खुणेचा रंग बहुधा त्या पट्ट्यांशी जुळतो. भाजल्यानंतर गेरूसारख्या लाल मातीने काढलेली खूण मात्र भुकटीच्या रूपात पृष्ठभागाच्या बारीक खळग्यांत बसलेली दिसते. उंचवट्यांवरून ती निघून गेलेली असते आणि खळग्यांत टिकलेली असते. हा रंग एखाद्या टवक्याच्या आत शिरलेला दिसला, तर टवका आधी उडाला आणि खूण नंतर काढली गेली, इतका निष्कर्ष बेधडक काढावा.

ग्राफिटोलाही हाच नियम लागू पडतो. ओल्या मातीत ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना माती किंचित वर आलेली असते. भाजलेल्या कुंभावर टोकदार हत्याराने ओढलेल्या रेघेच्या कडा तुटक असतात आणि आतला वेगळ्या रंगाचा गाभा उघडा पडतो.

याचा सराव करण्यासाठी भूमध्यसागरापर्यंत जाण्याची गरज नाही. आपल्याकडे कुंभार माठ भाजण्यापूर्वी त्याला गेरूचा हात देतात. तो लाल रंग पाण्याने जात नाही. फुटक्या माठाची चार खापरे घ्यावीत, पुजेच्या दुकानातून गेरू आणावा, पाण्यात कालवून दोन खापरांवर ब्रशने वर्तुळ आणि तीन उभ्या रेघा काढाव्यात. नागपूरच्या उन्हाळ्यात ते बघता बघता वाळते. पावसाळ्यात रात्रभर ठेवावे. मग एक खापर नळाखाली अंगठ्याने हलकेच चोळावे. माठाचा मूळ लाल हात जागचा हलत नाही आणि वर काढलेले वर्तुळ बोटाला लागून निघून जाते. द्रव्य जवळपास तेच, पण टप्पा वेगळा. उरलेल्या खापरावरची खूण भिंगाखाली ठेवून ती खळग्यांत कशी बसली आहे ते डोळ्यांत भरून घ्यावे. ज्याने हे एकदा केले तो उत्खननातले खापर पुन्हा कधी ब्रशने घासून धुणार नाही.

ग्रीकांनाही हा लाल रंग मोलाचा होता. इ.स.पू. चौथ्या शतकातील एका शिलालेखानुसार अथेन्सने केओस बेटावरच्या गेरूची निर्यात फक्त आपल्याकडेच व्हावी असे निर्बंध घातले होते. त्याचे उपयोग अनेक होते. कुंभावरच्या खुणा हा त्यांतला एक लहानसा.

कुंभाराच्या हातच्या खुणा

भट्टीपूर्वीच्या रंगकामातला बराचसा भाग अर्थ सांगण्यासाठी नसून ओळख पटवण्यासाठी असतो, आणि काही वेळा तो निव्वळ सजावटच असतो. अथेन्स परिसरात इ.स.पू. आठव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सहाव्या शतकापर्यंत तयार होणाऱ्या तेलाच्या कुंभांना आज एसओएस अँफोरा म्हणतात, कारण त्यांच्या मानेवर दोन नागमोडी रेघांच्या मध्ये एक वर्तुळ रंगवलेले असते. हे नाव आधुनिक आहे. त्या रेघा म्हणजे अक्षरे नव्हेत. हे कुंभ पार स्पेनच्या किनाऱ्यापर्यंत सापडतात. त्यांच्या मानेवर पुढे वेगवेगळ्या लोकांनी ओरखडून लिहिलेल्या खुणाही असतात, म्हणून रंगवलेला नक्षीचा भाग आणि नंतरचे ओरखडे वेगळे काढण्याचा सराव याच कुंभांवर करावा.

कियोस बेटाचे (वर आलेल्या केओसहून हे वेगळे) मद्यकुंभ हे दुसरे उत्तम उदाहरण. सहाव्या शतकात त्यांच्यावर पांढरट लेप असे, खांद्यावर आडवा नागमोडी फराटा, अंगावर आडवे पट्टे आणि कानावरून खाली उतरणारी उभी पट्टी असे. शतक संपता संपता पांढरा लेप गेला, पट्टे कमी झाले आणि मान फुगीर झाली. या काळातल्या कुंभांच्या मानेवर छोटे वर्तुळ आढळते. पाचव्या शतकात रंगकाम जवळपास संपले आणि त्याच बेटाच्या काही कुंभांवर नाण्यावरचे चित्र, म्हणजे स्फिंक्स आणि त्याच्यासमोर अँफोरा, ठशाच्या रूपात आले. बाजारात ओळख पटवण्याचे काम आधी ब्रश आणि आकार यांनी केले, पुढे आकार आणि ठसा यांनी. क्लाझोमेनाय या किनाऱ्यावरच्या शहराचे कुंभही पट्टेदार असतात आणि कियोसच्या कुंभांशी त्यांची गल्लत सहज होते. त्यामुळे केवळ पट्ट्यांवरून बेटाचे नाव लिहू नये. काठाचा आणि बुडाचा आकार आणि मातीचा पोत यांची साक्ष काढल्याशिवाय मूळ ठिकाणाचा रकाना रिकामाच ठेवावा.

पुढच्या काळात ठशांनी ही जबाबदारी इतकी पूर्णपणे उचलली की रोड्स बेटाच्या कुंभावर एका कानावर वर्षाचे नाव ज्याच्यावरून पडे त्या हेलिओस या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याचे नाव आणि महिना, तर दुसऱ्या कानावर कारखानदाराचे नाव येऊ लागले. थासोस, निडोस, सिनोपी या इतर ग्रीक ठिकाणांच्या ठशांच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. व्हर्जिनिया ग्रेस यांनी अथेन्सच्या आगोरा या प्राचीन बाजारचौकाच्या उत्खननात आयुष्य घालवून हे ठसे कालक्रमाने लावले. रंगवलेल्या खुणांना असे भाग्य लाभले नाही, कारण त्या पुसतात.

व्यापाऱ्याच्या हातच्या खुणा: अक्षर की आकडा

भट्टीनंतरच्या लाल खुणा वाचताना खरी परीक्षा लागते. त्या आखूड असतात, घाईत काढलेल्या असतात आणि ज्याला वाचायच्या होत्या त्याला संदर्भ ठाऊक होता. दोन अक्षरे दिसली की कोणाचे तरी नाव सापडले असे मानण्याचा मोह होतो, तो आवरावा. म्यू (M) आणि एप्सिलॉन (E) या ग्रीक अक्षरांची जोडी मध या अर्थाच्या शब्दाची सुरुवात असू शकते, मेत्रेतेस या मापाच्या नावाची असू शकते किंवा एखाद्या मेनोन नावाच्या माणसाची असू शकते. तिन्ही शक्यता नोंदवाव्यात.

अक्षर ओळखण्यापूर्वी ते कोणत्या शहराच्या लिपीतले आहे हे ठरवावे लागते, कारण इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रीक लिपी गावोगावी वेगळी होती. अथेन्सने आयोनियाची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ग्रीक शहरांची, लिपी अधिकृतपणे इ.स.पू. ४०३ साली स्वीकारली. दोन उभे दांडे आणि मध्ये आडवी रेघ असे चिन्ह (H) आयोनियात दीर्घ ए दाखवते, जुन्या अथेन्समध्ये ह उच्चार दाखवते आणि आकड्यांत शंभर दाखवते. करिंथ शहरात M सारखे दिसणारे चिन्ह प्रत्यक्षात स असे वाचतात. फुलीचे चिन्ह आयोनियात ख, तर युबिया बेटाच्या लिपीत क्स. कुंभ हाताळताना तो आडवा किंवा उलटा धरलेला असू शकतो आणि जुन्या लिखाणात ओळ उजवीकडून डावीकडे जाऊ शकते, हेही लक्षात ठेवावे. म्हणून खूण चारही बाजूंनी फिरवून पाहावी आणि प्रत्येक दिशेने कोणती अक्षरे संभवतात ते लिहावे.

आकड्यांच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत उभी रेघ म्हणजे १, एका पायाने आखूड असलेले पी (Π) हे अक्षर म्हणजे ५, डेल्टाचा त्रिकोण म्हणजे १०, वर सांगितलेले दोन दांड्यांचे चिन्ह म्हणजे १०० आणि फुली म्हणजे १०००. पीच्या पोटात छोटा डेल्टा काढला की ५०. दुसरीत वर्णमालेतील अक्षरांनाच क्रमाने किंमत दिलेली असते, त्यामुळे तोच डेल्टा तिथे ४ होतो. या दोन पद्धती ओळखण्याची सोपी खूण अशी की पहिल्या पद्धतीत चिन्ह पुन्हा पुन्हा येऊ शकते, दुसरीत नाही. दोन डेल्टा आणि तीन रेघा दिसल्या तर ती संख्या २३ आहे यात शंका उरत नाही. एकटा डेल्टा दिसला तर मात्र तो १० आहे, ४ आहे की कोणा डिओनिसिओसचे पहिले अक्षर आहे, याचा निर्णय नुसत्या डेल्टावरून होत नाही.

संख्या कशाची आहे हे तपासण्यासाठी कुंभाची धारणशक्ती काढावी. अथेन्सच्या मापात १ खूस म्हणजे सुमारे ३.२ ते ३.३ लिटर, १२ खूस मिळून १ मेत्रेतेस आणि १ खूसमध्ये १२ कोटिले. प्राचीन कुंभात पाणी किंवा धान्य भरून पाहण्याचा विचारही करू नये. प्रमाणबद्ध उभ्या छेदाचे रेखाचित्र घ्यावे, आतल्या बाजूच्या रेषेवर दर २ सेंटीमीटरला आडवी रेघ मारावी, प्रत्येक थराची आतली त्रिज्या मोजावी आणि त्रिज्येचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले २ असे घनफळ काढावे. त्रिज्या १४ सेंटीमीटर असेल तर तो एक थर सुमारे १,२३१ घनसेंटीमीटरचा, म्हणजे सव्वा लिटरच्या आतबाहेर होतो. काठाच्या थोडे खाली, जिथे बूच बसत असे तिथे, बेरीज थांबवावी. समजा एकूण २२.५ लिटर आले आणि खांद्यावर सात रेघा आहेत, तर ७ खूस हे वाचन कामापुरते भक्कम होते. तेच एकूण माप ३० लिटर आले, तर सात रेघांचा संबंध मापाशी जोडण्याचा हट्ट सोडावा. ती किंमत असेल, खेपेचा क्रमांक असेल किंवा अर्धी पुसलेली मोठी संख्या असेल.

नक्षीदार अथेनियन भांड्यांच्या बुडाखाली असणाऱ्या व्यापारी खुणा हा शेजारचा विषय आहे आणि त्यावर ॲलन जॉन्स्टन यांनी १९७९ पासून मोठे काम प्रसिद्ध केले आहे. तेथे एका भांड्याखाली दुसऱ्याच प्रकारच्या भांड्यांची संख्या आणि किंमत लिहिलेली सापडते, कारण नोंद त्या एका नगाची नसून साऱ्या खेपेची असे. साठवणीच्या कुंभांवरची संख्याही त्याच्या स्वतःच्या पोटाविषयीच असेल असे गृहीत धरू नये, हा धडा तेथून घ्यावा.

छायाचित्र आणि रेखाटन

खापर हाती आल्यावर पाणी लावू नये. माती सुकू द्यावी, मऊ ब्रशने सैल धूळ काढावी आणि पांढरा क्षारांचा थर खुणेवर असेल तर तो तज्ज्ञाशिवाय सोडवू नये. हा थर शत्रू वाटला तरी साक्षीदार असतो. त्याच्या खाली गेलेला रंग प्राचीन आहे आणि त्याच्या वर चढलेला रंग नंतरचा आहे. जाता जाता सांगतो, संग्रहालयांत आणि उत्खननांत लाल किंवा काळ्या शाईने लिहिलेले नोंदणी क्रमांकही खापरांवर असतात, आणि जुन्या वळणाचा, अर्धा पुसलेला क्रमांक पाहून भले भले थबकतात.

रंगासाठी प्रकाश सर्व बाजूंनी सारखा आणि मऊ असावा. ढगाळ दिवशी उत्तरेच्या खिडकीजवळ तो सहज मिळतो. ओरखड्यासाठी उलट एका बाजूने, अगदी तिरपा प्रकाश टाकावा. त्यामुळे एकाच खापराची निदान दोन प्रकारची छायाचित्रे हवीत. मोजपट्टी आणि रंगपट्टी चौकटीत ठेवावी. कॅमेऱ्यात मूळ, न दाबलेली फाइल साठवावी. मग जॉन हार्मन यांनी शैलचित्रांसाठी तयार केलेले, इमेजजे या संगणक प्रणालीत चालणारे डीस्ट्रेच हे साधन वापरावे. त्यातील लाल रंग उठवणाऱ्या पर्यायांनी साध्या डोळ्याला न दिसणारा गेरूही उमटतो. मात्र लाल मातीच्या खापरावर ते मातीतला लोहाचा डागही तितक्याच उत्साहाने उठवते, म्हणून उमटलेली रेघ भिंगाखाली पुन्हा पाहिल्याशिवाय रेखाटनात घेऊ नये. कोळशाच्या काळ्या शाईसाठी अवरक्त छायाचित्रण उपयोगी पडते, कारण कार्बन ते किरण शोषतो आणि गडद दिसतो. गेरू मात्र त्यात फिका पडतो. समोरचा पुसट डाग कार्बन आहे की गेरू, हे याच फरकावरून ओळखता येते.

रेखाटन छायाचित्रावरून करावे. भुकटी रंगावर पारदर्शक कागद दाबू नये. निश्चित दिसणारी रेघ सलग, शंकास्पद रेघ ठिपक्यांची आणि तुटलेली कड वेगळ्या जाडीची, एवढा भेद पुरे. कुंभाची मान वरच्या बाजूला ठेवूनच चित्र काढावे आणि खूण कानापासून किती अंतरावर आहे ते लिहावे.

नोंद कशी लिहावी

नोंदीत जे दिसते ते आणि जे वाटते ते एकाच वाक्यात येऊ देऊ नये. नमुन्यादाखल एका काल्पनिक तुकड्याची नोंद अशी लिहिता येईल: ‘खांद्याचा तुकडा, उजव्या कानाच्या मुळापासून ४ सेंटीमीटर डावीकडे. भाजल्यानंतरचा लाल रंग, भुकटीसारखा, क्षारांच्या थराखाली गेलेला. उंची २.८ सेंटीमीटर. त्रिकोण, त्याच्या उजवीकडे दोन उभ्या रेघा; तिसऱ्या रेघेची शक्यता, कड तुटलेली. वाचन: १२ किंवा अधिक, अथवा डेल्टापासून सुरू होणारा संक्षेप आणि दोन रेघा. टप्पा: भाजल्यानंतर, भरताना की विक्रीच्या वेळी हे अनिर्णित. धारणशक्ती: तुकड्यावरून काढता येत नाही.’

आतल्या बाजूचा लेपही याच नोंदीत यावा. मद्याच्या ग्रीक कुंभांना आतून झाडाच्या राळेचा लेप असे. भारतात पूर्वी अँफोरा म्हणून नोंदलेले अनेक तुकडे प्रत्यक्षात इराणच्या आखाताकडून आलेल्या, बिनकानांच्या आणि आतून खनिज डांबर लावलेल्या टॉर्पेडो कुंभांचे आहेत असे पुढे रोबर्टा टॉम्बर यांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. नेवासे, तेर किंवा कोकणातल्या एखाद्या जागेचा जुना तुकडा पाहत असाल तर खुणेकडे वळण्यापूर्वी आतला काळा थर नीट पाहावा आणि शक्य तर त्याची रासायनिक तपासणी करवून घ्यावी.

शेवटची बाब साठवणीची. प्रक्रिया केलेले चित्र आणि मूळ चित्र ही दोन्ही एकाच नावाने, पुढे फक्त प्रक्रियेचा उल्लेख जोडून, एकाच फोल्डरमध्ये ठेवावीत. डीस्ट्रेचचा कोणता पर्याय आणि किती तीव्रता वापरली हे नोंदीत लिहावे. खापर स्वतः आम्लरहित कागदात, खुणेची बाजू वर करून, इतर तुकड्यांशी घासले जाणार नाही अशा वेगळ्या पिशवीत ठेवावे आणि पिशवीवर ‘धुऊ नये’ असे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहावे, कारण खापरे धुणारी माणसे बहुधा नोंदवही वाचत नाहीत.